नाव कापले, आग विझलेली नाही

पहाटे तीनच्या सुमारास यंत्रावरून अंक उतरू लागतात. त्या वेळी आमच्या छापखान्यात घड्या घालून गठ्ठे बांधणारा एक माणूस होता. वय चाळिशीच्या आत, कामाला वाघ. त्याचे नाव आम्ही छापत नाही. पनवेलमध्ये आजही कुष्ठरोग झालेल्या माणसाचे नाव छापून आले तर त्याच्या मुलीचे ठरलेले लग्न मोडते, त्याच्या भावाला भाड्याची खोली मिळत नाही. ही बेअब्रू त्याची नव्हे, पनवेलची आहे.

एका पहाटे त्याच्या हातून सुतळी सुटली. सदऱ्याच्या बाह्या त्याने कोपराच्या वर दुमडल्या होत्या, कारण कापडाचा स्पर्शही त्याला सोसवत नव्हता. दोन्ही हातांवर लालभडक गाठी उठल्या होत्या. काही वाटाण्याएवढ्या, काही सुपारीएवढ्या, आणि बोट टेकवले तर चटका बसावा इतक्या गरम. सुतळीचा फास आवळताना एक गाठ सुतळीखाली सापडली आणि तो राकट माणूस गठ्ठ्यांच्या मधोमध खाली बसून लहान मुलासारखा रडला. आम्ही त्याला म्हणालो, 'चार दिवस घरी बस.' आम्ही एवढेच म्हणालो. आज ते वाक्य आठवले की मान खाली जाते.

त्या माणसाचा कुष्ठरोग सरकारी भाषेत बरा झालेला होता. बारा महिने त्याने गोळ्यांची पाकिटे नेमाने संपवली होती. कार्डावर उपचार पूर्ण झाल्याचा शेरा पडला होता आणि नोंदवहीतून नाव कमी झाले होते. नाव कमी झाल्यानंतर पाचव्या महिन्यात अंगावर ही आग उठली. पहिल्या डॉक्टरने टायफॉइड म्हणून सलाइन लावले. दुसऱ्याने संधिवात म्हणून इंजेक्शने दिली. तिसऱ्याने जुने कार्ड पाहिले, खुर्ची मागे सरकवली आणि 'रोग उलटलाय, इथे नको' असे सांगून त्याला दाराबाहेर काढले. तिघांचेही निदान चुकले. तिसऱ्याची माणुसकीही चुकली.

या आगीला वैद्यकशास्त्रात एरिथिमा नोडोसम लेप्रोसम म्हणतात. कुष्ठकार्यात हयात घालवलेली माणसे थोडक्यात ईएनएल म्हणतात, आणि रुग्ण म्हणतो, 'रिअ‍ॅक्शन आली.' हा शब्दच घात करतो. रिअ‍ॅक्शन म्हटले की ती गोळीची, असे घरचे धरून चालतात. मग सासू सांगते गोळ्या बंद कर, शेजारी सांगतो गोळ्या बंद कर, आणि अर्धवट शिकलेला एखादा डॉक्टरही तेच सांगतो. ज्या औषधाने जंतू मरतात तेच औषध कचऱ्यात जाते. म्हणून आम्ही ठासून सांगतो: ही गोळीची बाधा नव्हे, रोगही उलटलेला नव्हे, आणि या गाठींना हात लावल्याने कोणालाही काहीही होत नाही.

मग हे होते तरी कशाने? काही रुग्णांच्या शरीरात कुष्ठजंतूंचा साठा अफाट असतो. त्यांच्या कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन काचपट्टी घेतली तर सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंचे पुंजकेच्या पुंजके दिसतात. औषधाने हे जंतू मरतात, पण मेलेल्या जंतूंचे अवशेष त्वचेत आणि नसांत वर्षानुवर्षे पडून राहतात. शरीराची संरक्षणव्यवस्था या अवशेषांवर तुटून पडते. रक्तातली प्रतिपिंडे त्यांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, सांध्यांत, डोळ्यांत, मूत्रपिंडांत जाऊन अडकतात, आणि अडकतील तिथे दाह पेटतो. जंतूंचा साठा सर्वांत मोठा असतो अशा लेप्रोमॅटस प्रकारात सुमारे निम्म्या रुग्णांना या फेऱ्यातून जावे लागते, हे हैदराबादच्या अभ्यासातून वीस वर्षांपूर्वीच पुढे आले आहे. हा दाह औषध सुरू होण्याआधी येतो, औषध चालू असताना येतो आणि औषध संपल्यावरही येतो. कोणाला बाळंतपणानंतर, कोणाला दुसऱ्या एखाद्या तापानंतर, कोणाला काहीच निमित्त नसताना.

गाठी ही या दुखण्याची फक्त वर दिसणारी खूण आहे. त्या चेहऱ्यावर, दंडांवर, मांड्यांवर झुंडीने उठतात, काही दिवसांत काळवंडून बसतात आणि जुन्या बसतात न बसतात तोच नव्या उठतात. तीव्र प्रकारात त्या फुटतात, जखमा होतात, पू वाहतो. पण रुग्णाला आतून खाते ते वेगळेच. ताप चढतो. नडग्यांची हाडे अशी ठणकतात की माणूस रात्रभर पाय पोटाशी धरून बसतो. बोटे फुगून केळ्यासारखी होतात, पावलांवर आणि चेहऱ्यावर सूज उतरते, जांघेत आणि काखेत अवधाण येते. कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड होऊन दुखते, आणि त्या दुखण्याकडे चार-सहा आठवडे दुर्लक्ष झाले तर हाताची पकड कायमची जाते. डोळा लाल होतो, उजेड सोसत नाही. लोक त्याला डोळे आले म्हणतात, औषधाच्या दुकानातून थेंब आणतात, आणि आत बुबुळाच्या मागे दाह नजर पोखरत राहतो. पुरुषांचे वृषण सुजतात. ही गोष्ट रुग्ण बायकोलाही सांगत नाही, डॉक्टरही विचारत नाही, आणि पुढे मूल होत नाही तेव्हा दोष बायकोच्या माथी मारला जातो. लघवीतून प्रथिने जातात, मूत्रपिंडांवर ताण येतो. झोप उडते, भूक मरते, मन खचते. गोधडी अंगावर घेता येत नाही म्हणून माघाच्या थंडीत माणूस उघडा कुडकुडत बसतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला 'किरकोळ उपद्रव' हा शब्द उच्चारण्याची हिंमत होणार नाही.

आणि तरीही तो शब्द सर्रास उच्चारला जातो. रुग्ण सांगतो की मरणप्राय दुखते. समोरचा केसपेपरवर लिहितो, सौम्य. कोणत्या मापाने मोजून लिहितो? डोळ्यांनी पाहून, अंदाजाने, आणि बहुतेक वेळा रांगेतल्या पुढच्या रुग्णाकडे बघत. या अंदाजपंचे कारभाराला आता कसलीही सबब उरलेली नाही. भारत, नेपाळ, बांगलादेश, इथिओपिया, ब्राझील, फिलिपाइन्स आणि इंग्लंड इथल्या कुष्ठतज्ज्ञांनी एन्लिस्ट नावाचा गट बांधून ईएनएलची तीव्रता मोजण्याची एक पट्टी तयार केली आहे, आणि 2017 साली ती पारखून जगापुढे ठेवली. या कामात आपल्या मुंबईचा बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टही होता. डॉ. गणपती यांनी 1976 मध्ये उभी केलेली ही संस्था पनवेलपासून फक्त एका लोकलच्या अंतरावर आहे.

ती पट्टी कशी आहे ते आम्ही इथे सांगतो, कारण ती कळायला वैद्यकीय पदवी लागत नाही. दहा गोष्टी पाहायच्या. रुग्णाला वेदना किती, ताप किती, गाठी किती, त्या किती लाल आणि दुखऱ्या, अंगाच्या किती भागावर पसरलेल्या, सूज किती, हाडे किती दुखतात, सांधे आणि बोटे किती सुजली, अवधाण आहे का, नसा दाबल्यावर दुखतात का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. आठपर्यंत सौम्य, नऊपासून पुढे सौम्य म्हणायचे नाही. यात कोणते महागडे यंत्र आले? थर्मामीटर प्रत्येक उपकेंद्रात आहे. नस चाचपायला बोट लागते आणि हाडे दुखतात का हे विचारायला तोंड लागते. डोळा, वृषण आणि लघवी या दहांत येत नाहीत, त्यांची तपासणी वेगळी करावीच लागते, हेही ध्यानात ठेवावे. पण एवढा एक कागद रुग्णाच्या कार्डाला टाचला, तर आज चौदा होते, पंधरवड्यानंतर नऊ झाले, महिन्याने पुन्हा सोळा झाले, हे कोणाच्याही नजरेतून सुटणार नाही. 'बरं आहे' या दोन शब्दांमागे लपता येणार नाही. पनवेल तालुक्यातल्या किती आरोग्य केंद्रांत हा कागद वापरला जातो, याचे उत्तर आम्ही जाहीरपणे मागत आहोत.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. डिसेंबर 2005 मध्ये देशात कुष्ठरुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले आणि त्यानंतर 'निर्मूलन' झाल्याचा डंका पिटला गेला. बहुविध औषधोपचाराने केलेली कामगिरी अचाट होती. 1983 पासून हजारो कर्मचारी वाड्यावस्त्यांवर सायकली हाणत फिरले, लाखो लोकांच्या बोटांचे तुकडे पडायचे थांबले, आणि त्या श्रमांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण दहा हजारांमागे एक हा आकडा कशाचा, हे जनतेला कोणी नीट सांगितले नाही. त्यात ज्याचे औषध त्या दिवशी चालू आहे तेवढाच रुग्ण मोजला जातो. बारा महिन्यांचा उपचार संपला की तो आकड्यातून बाहेर. त्याची बोटे वाकलेली असोत, डोळा जात असो, अंगावर गाठींची होळी पेटलेली असो, प्रमाण मोजताना तो हिशेबात नाही. कार्यालयांत रिअ‍ॅक्शनच्या नोंदीचे रकाने असतील, ते भरलेही जात असतील. पण 30 जानेवारीच्या कुष्ठरोग दिनाला मंत्र्याच्या भाषणात, जिल्ह्याच्या प्रसिद्धिपत्रकात, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत (आमच्याही) तो रकाना कधी झळकत नाही. जे मथळ्यात येत नाही त्याला निधी मिळत नाही, त्याच्यासाठी औषध मागवले जात नाही, त्याचा जाब कोणी विचारत नाही.

या डंक्याची किंमत पनवेलने स्वतःच्या अंगणात पाहिली आहे. डॉ. नोशीर अंतिया यांनी उभारलेल्या मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चच्या संशोधकांनी निर्मूलनाच्या घोषणेनंतर पनवेल तालुक्याच्या ग्रामीण भागात आणि मुंबईच्या एका शहरी भागात घरोघर जाऊन तपासणी केली. तोवर कोणालाही न सापडलेले रुग्ण त्यांना सापडले, त्यांत लहान मुलेही होती. हे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले, मुलांवरचा लेख 2013 मध्ये आला. मुलाला कुष्ठरोग होतो याचा अर्थ त्याच्या घरात किंवा शेजारात जंतू पसरवणारा, औषध न मिळालेला मोठा माणूस आहे. तो मोठा माणूस जितका उशिरा सापडतो तितका त्याच्या शरीरातला साठा मोठा होतो, आणि साठा जितका मोठा तितकी ईएनएलची आग भयंकर. शोधातली दिरंगाई आणि उपचारानंतरची यातना यांची नाळ अशी जोडलेली आहे. कानाच्या पाळीची काचपट्टी घेण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी मागे पडली. ती तपासणी चालू असती तर कोणाच्या अंगात आग दबा धरून आहे हे आधीच कळले असते आणि त्याला सांगता आले असते: गाठी उठल्या, ताप आला, नस दुखली, तर त्याच दिवशी ये.

2023 साली जगभरात 1,82,815 नवे कुष्ठरुग्ण नोंदले गेले. त्यांतले 1,07,851 भारतातले. निर्मूलनाचा उत्सव करून जवळपास दोन दशके उलटल्यावर जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण आपल्या देशात आहेत. 2027 पर्यंत संसर्ग शून्यावर आणण्याचा केंद्र सरकारचा संकल्प आहे. तो तडीस जावो, ही आमची मनापासून इच्छा आहे. पण उद्या सकाळी एकही नवा संसर्ग झाला नाही, तरी आज ज्यांच्या अंगात जंतू आहेत त्यांच्या गाठी पुढची अनेक वर्षे उठत राहणार आहेत. त्यांची तजवीज कोणत्या संकल्पात आहे?

उपचाराची कहाणी तर याहून कडू आहे. ईएनएलवर हमखास हाताशी असते ते प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड. ते दिल्यावर दोन-तीन दिवसांत गाठी बसतात, ताप उतरतो, रुग्णाला वाटते देव भेटला. योग्य मात्रेत, नजर ठेवून दिले तर ते नस वाचवते, डोळा वाचवते, आणि ते वेळेवर न देणे हा गुन्हाच आहे. पण मात्रा कमी केली की पुष्कळांच्या गाठी पुन्हा उठतात. मग पुन्हा वाढवा, पुन्हा कमी करा. ज्याचे दुखणे सहा महिन्यांच्या पलीकडे जाते तो एका चक्रात अडकतो. चेहरा सुजून गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, तरुण वयात मोतीबिंदू येतो, अंगात दबलेला क्षय डोके वर काढतो. आणि या चक्रातली सर्वांत धोक्याची गोष्ट अशी की रुग्णाला औषधाचे नाव पाठ झालेले असते. तो दुकानात जातो आणि चिठ्ठीशिवाय पट्टी घेऊन येतो. दुखले की चार, कमी दुखले की दोन, पैसे संपले की एकदम बंद. महिनोन् महिने घेतलेले स्टिरॉइड असे तडकाफडकी बंद करणे जिवावर बेतू शकते. इथिओपियातल्या एका रुग्णालयातल्या जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा ईएनएलच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण इतर कुष्ठरुग्णांपेक्षा जास्त आढळले, आणि त्या मृत्यूंचा धागा दीर्घकाळ चाललेल्या स्टिरॉइडशी जुळत होता. हा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. कुष्ठरोगाने माणूस मरत नाही, असे आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. या वाक्याचा फेरविचार करण्याची वेळ आली आहे.

पनवेलच्या औषधविक्रेत्यांना आमचे हात जोडून आणि बजावूनही सांगणे आहे. कृष्णशास्त्री पुराणिकांनी 1872 मध्ये धूतपापेश्वरचा कारखाना काढला तेव्हापासून हे गाव औषधांचे गाव म्हणून ओळखले जाते. त्या गावात स्टिरॉइडची पट्टी गोळ्या-बिस्किटांसारखी गल्ल्यावरून सरकवली जाऊ नये. चिठ्ठी पाहा. चिठ्ठी जुनी असेल तर त्या माणसाला रिकाम्या हाती परत धाडू नका आणि आंधळेपणाने पट्टीही देऊ नका. त्याला आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवा, जमले तर सोबत जा.

स्टिरॉइडच्या चक्रातून बाहेर काढणारी औषधे नाहीत असे नव्हे. क्लोफाझिमिन वाढीव मात्रेत दिले तर हळूहळू गुण येतो. कातडी काळपट-तांबूस होते म्हणून रुग्ण नाराज असतात आणि त्यांना आधी समजावून सांगावे लागते. दुसरे औषध थॅलिडोमाइड. या नावाने जग आजही थरथरते, आणि थरथरावेच. 1957 पासून युरोपात गरोदर बायकांना मळमळीवर आणि झोपेसाठी ते दिले गेले, आणि हातपाय खुंटलेली हजारो बाळे जन्मली. 1961 मध्ये ते मागे घेतले गेले. त्यानंतर जेरुसलेममध्ये डॉ. याकोब शेस्किन यांनी वेदनेने झोप उडालेल्या कुष्ठरुग्णांना निव्वळ झोपेसाठी ते दिले आणि गाठी विझताना पाहिल्या. 1965 साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. 1998 मध्ये अमेरिकेने कडक बंधने घालून ईएनएलसाठीच त्याला परवानगी दिली. आपल्याकडे ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात नसते, आणि ते तिथे उघड्यावर असावे असे आम्ही म्हणतही नाही. मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते देताना गर्भधारणेची तपासणी, गर्भनिरोधन, आणि पुरुष रुग्णालाही तेवढीच ताकीद, यांत तसूभर ढिलाई चालणार नाही. पण ज्याला या औषधाने वर्षभराच्या यातनेतून सोडवता येते, अशा पन्नाशीच्या पुरुषाला ते मिळवण्यासाठी कोणाची शिफारस लागते, कुठे जावे लागते, किती खेपा घालाव्या लागतात? धोडाणीच्या डोंगरातल्या कातकऱ्याला त्यासाठी अलिबागला किंवा मुंबईला पाठवणार असाल तर त्याच्या गाडीभाड्याची आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई कोण करणार?

मजुरीची गोष्ट निघाली आहे तर तीही बोलून घेऊ. बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात ईएनएलच्या रुग्णांच्या घरखर्चाचा हिशेब मांडला गेला, 2015 साली तो छापूनही आला. औषध सरकारी, फुकटचे. तरीही या दुखण्याने घराच्या मासिक उत्पन्नाचा पाव हिश्शाहून जास्त भाग गिळला, कारण बुडालेली मजुरी आणि खेपा यांचे बिल कोणी भरत नाही. पनवेलमध्ये चित्र वेगळे कसे असेल? कळंबोलीच्या लोखंड बाजारातला हमाल, तळोज्याच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार, वीटभट्टीवरचे जोडपे, इमारतींच्या पायाडांवर चढणारा बिहारचा पोरगा. यांतला कोणीही सुजलेल्या बोटांनी आठ तास काम करू शकत नाही, आणि कोणालाही आजारपणाची भरपगारी रजा नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात बरा झालेला कुष्ठरुग्ण आहे, पण त्यासाठी हातापायांत विकृती किंवा बधिरता दाखवावी लागते. अंगभर गाठी आणि तापाने सहा महिने अंथरुणाला खिळलेला माणूस त्या व्याख्येत बसत नाही. त्याने काय हाताची बोटे वाकण्याची वाट पाहायची?

आता समाजाला दोन शब्द, आणि ते गोड नाहीत. 1951 पासून नेरे गावाजवळ कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन उभे आहे. घरच्यांनी टाकलेल्या माणसांना त्या जागेने सावली दिली. पनवेलकर पाहुण्यांना कौतुकाने शांतिवन दाखवायला नेतात, वाढदिवसाला तिथे जेवण देतात. उत्तम. पण आपण मनाशी काय ठरवून टाकले आहे? कुष्ठरोगी म्हणजे शांतिवनातला, आपल्या सोसायटीतला नव्हे. म्हणून खारघरच्या चौदाव्या मजल्यावरच्या बाईच्या पायांवर गाठी उठतात तेव्हा ती सहा महिने त्वचेच्या ॲलर्जीची औषधे घेत राहते. 'कुष्ठ' हा शब्द कोणी उच्चारत नाही आणि ती स्वतः तर नाहीच. रक्तपिती म्हणजे मागच्या जन्मीचे पाप, हा कुजका विचार आपण शिकून-सवरूनही अंगणातून हाकललेला नाही. गाठी उठल्या की कोणाच्या तरी नजरेचा दोष, उतारा, अंगारा, कोंबडे. तोवर नस मरते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण या देशात 2019 पर्यंत होते. संसदेने ते कायद्यातून पुसले. किती घरांतून ते पुसले गेले आहे? महात्मा गांधींनी सेवाग्रामात कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हातांनी मालिश केले, त्याचे छायाचित्र आपण दरवर्षी 30 जानेवारीला हार घालून पूजतो. त्या काळी हा रोग बरा करणारे औषध हाती नव्हते, तरी तो हात मागे आला नाही. आज औषध आहे, पहिल्याच मात्रेनंतर रुग्ण रोग पसरवण्याजोगा जवळजवळ उरत नाही, आणि आपण त्याने प्यालेला पेला वेगळा ठेवतो!

पनवेल महानगरपालिका 1 ऑक्टोबर 2016 ला अस्तित्वात आली. तिच्या आधीची नगरपालिका देशातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. इतका जुना नागरी वारसा असलेल्या शहराला आणि रायगड जिल्हा परिषदेला आम्ही जे मागतो ते अशक्य कोटीतले नाही. उपचार पूर्ण झाला म्हणून ज्यांची नावे गेल्या पाच वर्षांत नोंदवहीतून कमी झाली, त्यांतल्या जास्त जंतूंच्या प्रकारातल्या प्रत्येकाला पुन्हा गाठा. आशाताई शोधमोहिमेत दरवर्षी घरोघर जातातच; त्यांच्या हाती ती दहा प्रश्नांची पट्टी द्या, त्यांना गाठी आणि नसा ओळखायला शिकवा, आणि या कामाचा मोबदला वेळेवर चुकता करा. आज पनवेल तालुक्यात ईएनएलचे रुग्ण किती, त्यांतले सहा महिन्यांहून जास्त काळ स्टिरॉइडवर किती, त्यांच्यापैकी किती जणांची साखर आणि डोळे गेल्या तीन महिन्यांत तपासले, हे तीन आकडे दर तिमाहीला जाहीर करा. आम्ही ते पहिल्या पानावर छापू, आणि तुम्ही दिले नाहीत तर ती जागा कोरी सोडू. खासगी डॉक्टरांच्या संघटनेने एक रविवार द्यावा. त्वचेवर दुखऱ्या लाल गाठी आणि ताप घेऊन आलेल्या माणसाला 'कधी कुष्ठरोगाची औषधे घेतली होती का?' हा एक प्रश्न विचारायला शिकणे, एवढेच त्या रविवारचे काम. आमच्या माणसाला तो प्रश्न पहिल्याच दारात कोणी विचारला असता तर त्याचे अकरा आठवडे वाया गेले नसते.

त्याला अखेर योग्य ठिकाणी नेले तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी आधी त्याचा हात हातात घेतला आणि एकेक गाठ मोजली. मग कोपराची नस चाचपली आणि त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. औषध सुरू झाले. आता ताप नाही, गाठी काळवंडून बसल्या आहेत, चेहऱ्यावर थोडी सूज आहे, आणि तो पहाटे पुन्हा कामावर येतो. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट तळव्याकडे वळली आहेत, ती उघडत नाहीत. सुतळीची गाठ तो उरलेल्या तीन बोटांनी मारतो.